बाख आणि अकॉर्डियनचा भाता

योहान सेबास्टियन बाख वारला १७५० साली. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियानने अकॉर्डियनचं पेटंट घेतलं ते १८२९च्या मे महिन्यात. मधे ७९ वर्षं गेली. म्हणजे बाखने हे वाद्य ऐकलेलं असणं शक्यच नाही. तरी आज कितीतरी चांगले अकॉर्डियनवादक बाख वाजवतात, आणि जुन्या संगीताचे कडवे भक्त नाक मुरडतात.

गंमत म्हणजे खरी अडचण वाद्याच्या नावातच होती. डेमियानच्या पेटीत एक पट्टी दाबली की जुळणाऱ्या सुरांचा अख्खा झुबका, म्हणजे 'कॉर्ड', वाजायचा. जर्मनमध्ये त्याला 'आकॉर्ड' म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. नाचगाण्याच्या साथीला हे फार सोयीचं. पुढे डाव्या हाताला १२० बटणं आली तरी त्यांतली बहुतेक असे तयार झुबके देणारीच. सुट्या सुरांच्या बटणांत स्वर बाराच. त्यामुळे वर चढत जाणारी चाल मधेच धपकन खाली येते.

बाखच्या फ्यूगला हे कसं चालावं? एक गळा एक स्वरवाक्य म्हणतो, ते संपतं न संपतं तोच दुसरा तेच उचलतो, मग तिसरा. आणि पहिला गप्प बसत नाही, तो आपलं वेगळंच काही सांगत राहतो. डाव्या हाताला स्वतःची चाल हवीच. म्हणून विसाव्या शतकात 'फ्री बास'चा प्रसार झाला: एका बटणाला एकच सूर, तोही अनेक सप्तकांत. रशियात 'बायान'वर आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स एलेगार्डने (१९३५-१९९५) ही पद्धत रुजवली.

हा खटाटोप का? तर गुत्त्यातलं, जत्रेतलं वाद्य म्हणून त्याला संगीत विद्यालयात कोणी उभं करत नव्हतं. स्वतःचं गंभीर साहित्यही नव्हतं; ह्यूगो हेरमानने खास अकॉर्डियनसाठी रचना केल्या त्या थेट १९२७मध्ये. मग पोरांनी शिकायचं काय? बाख आणि स्कार्लाटी.

विरोधकांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. आर्नोल्ड डोल्मेचसारख्यांनी (१८५८-१९४०) आयुष्य वेचून जुनी वाद्यं पुन्हा घडवली. हार्प्सिकॉर्डची तार छेडली जाते, सूर लगेच विरतो, आणि त्या विरण्यावर त्या संगीताची बरीच वीण अवलंबून असते. अकॉर्डियनचा सूर लांबतो. म्हणून हार्प्सिकॉर्डसाठीच्या द्रुत रचना मला त्यावर जरा चिकट वाटतात. ऑर्गनसाठी लिहिलेलं मात्र सुरेख उतरतं. दोन्हींत सूर हवेवरच चालतो. आणि 'मूळ वाद्या'चा आग्रह खुद्द बाखने कुठे धरला? विवाल्डीचे व्हायोलिनचे कॉन्सर्टो त्याने ऑर्गनवर बसवलेच की!

वादकाची कसोटी भात्यात आहे. दोन्ही हातांना भाता एकच, त्यामुळे फ्यूगमधला एकच गळा मोठा करता येत नाही. तो बोटांच्या तुटक-सलग स्पर्शाने ओळखू आणून द्यावा लागतो. भात्याची दिशा बदलते तिथे खाच पडते. चांगला वादक ती वाक्य संपतं तिथेच पाडतो, जसा गवई श्वास घेतो. शिवाय नाचाच्या सुरात जी थरथर असते, ती दोन रीड किंचित बेसूर ठेवून येते. बाखसाठी ती बंद करून एकच रीड बोलू द्यायची.

आपल्या पेटीचं काय वेगळं झालं? तीही रीड आणि भात्याचीच, तीही परकी. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली. ती १९७१मध्ये उठू लागली. दोन्ही आक्षेप खरेच होते. पण तेवढ्या काळात मैफिलीतल्या गवयांनी पेटी काही खाली ठेवली नाही. असो. रिशार गालियानो या फ्रेंच वादकाची २०१०ची बाखची सीडी मिळाली तर ऐका, आणि आवडली नाही तर तसंही कळवा.