ब्राइटच्या रोगापासून दोन लक्षणसमूहांपर्यंत : नेफ्रोटिक व नेफ्रायटिक भेदाचा इतिहास

प्रस्तावना

मूत्रपिंडाच्या विकारांत नेफ्रोटिक व नेफ्रायटिक हे दोन लक्षणसमूह वेगळे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी मानली जाते. पहिल्यात चोवीस तासांत ३.५ ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिन लघवीवाटे जाते, रक्तातील अल्ब्युमिन घटते, कोलेस्टेरॉल वाढते व अंगावर मोठी सूज येते. दुसऱ्यात लघवीतून रक्त जाते, लघवीचे प्रमाण घटते व रक्तदाब वाढतो. हा भेद कसा घडत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एका नावाखाली अनेक विकार

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, तापविल्यावर साकळणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसलेली विकृत मूत्रपिंडे यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. पुढे ‘ब्राइटचा रोग’ या एकाच नावाखाली स्कार्लेट ज्वरानंतरचा रक्तमिश्रित लघवीचा विकार आणि केवळ सुजेने ग्रासलेले रुग्ण, असे दोन्ही मोडू लागले.

दाह की ऱ्हास?

फ्रीडरिख म्यूलर यांनी १९०५ मध्ये, दाह नसलेल्या विकारांसाठी ‘नेफ्रोसिस’ ही संज्ञा सुचविली. फ्रान्झ फोलहार्ड हे चिकित्सक व थिओडोर फार हे विकृतिशास्त्रज्ञ यांनी १९१४ च्या ग्रंथात ऱ्हासात्मक, दाहात्मक व रक्तवाहिन्यांच्या काठिण्यातून उद्भवणारे असे तीन वर्ग केले. नेफ्रोसिसचे मूळ मूत्रपिंडाच्या नलिकांत आहे, अशी त्या काळी धारणा होती.

धारणेचा पाडाव

कोपनहेगन येथील इव्हर्सन व ब्रुन यांनी १९५१ मध्ये सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे मृत्यूची वाट न पाहता जिवंत रुग्णाचे मूत्रपिंड तपासता येऊ लागले. १९५७ मध्ये फर्कार, व्हर्निअर व गुड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेफ्रोटिक रुग्णांच्या ग्लोमेरुलसमधील, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातील, पेशींचे पायांसारखे प्रवर्ध सपाट झालेले आढळले. दोष नलिकांत नसून गाळणीतच होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर ‘मिनिमल चेंज’ विकाराच्या अनेक रुग्णांत नेफ्रिन या गाळणीतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. ज्याला निव्वळ ऱ्हास म्हटले गेले, त्यामागेही प्रतिकारशक्तीचाच हात दिसून आला.

निष्कर्ष

भेदामागील उपपत्ती चुकीची ठरली; भेद मात्र टिकला. कारण तो रुग्णाच्या खाटेजवळ दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेला होता. त्याचे मोल आजही मोठे आहे. सुजलेल्या बालकास मिनिमल चेंज विकार असल्यास स्टिरॉइडने बहुधा आराम पडतो. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतरचा नेफ्रायटिस मात्र बालकांत बहुधा आपोआप ओसरतो व तेथे स्टिरॉइडची सहसा गरज नसते. तथापि ल्युपससारख्या विकारांत दोन्ही लक्षणसमूह एकत्र आढळतात. म्हणून ही नावे रोगाची नव्हेत, रोगाच्या आविष्काराची आहेत, हे भान राखणे आवश्यक ठरते.