कांद्यातील एकात्मिक तणनियंत्रण

मशागत, आच्छादन, खुरपणी आणि तणनाशक यांची वेळेवर सांगड घालून पिकातले तण आटोक्यात ठेवण्याची पद्धत. भाजीपाल्यात तिची निकड कांद्याला फार. त्याची पात उभी नि अरुंद, त्यामुळे जमिनीवर सावली पडत नाही. मुळे वरवरची, सुरुवातीची वाढ संथ. लागणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने तण माजले तर कांदा पोसत नाही.

दोन ओळींत 15 आणि दोन रोपांत 10 सेंमी अंतर असते. तिथे कोळपे चालत नाही. म्हणून नाशिक-पुणे पट्ट्यात पोळ असो, रांगडा असो वा उन्हाळ, खुरपणीचा भार वाफ्यात उकिडव्या बसलेल्या बायांवर पडतो. ऐन हंगामात मजूर मिळेनासे झाले, तसा पेंडीमिथॅलीन, ऑक्सिफ्लोरफेन आणि गवतासाठी क्विझालोफॉप-इथाइलचा वापर वाढला.

फवारलेल्या रानातही लव्हाळा उरतो. खुरप्याने पात कापली तरी खालची काळसर गाठ शाबूत राहते. उपटायला जावे तर धाग्यासारखा कोंब तुटतो आणि काही दिवसांत नवा फुटतो. प्लास्टिकचे आच्छादनही तो टोचून वर येतो. बाकीचे तण मेल्याने त्याला रान मोकळेच मिळते. एकाच औषधावर विसंबण्याचा दुसरा धोका हरियाणाच्या गव्हात दिसला: 1990च्या दशकात तिथल्या गुल्लीडंडा तणाने आयसोप्रोट्युरॉनला दाद देणे सोडले.

पुढची वाट म्हणूनच लागणीआधी सुरू होते. उन्हाळी खोल नांगरटीने गाठी वर येऊन सुकतात. रोपवाटिकेच्या ओल्या वाफ्यावर एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे पारदर्शक पॉलिथिन अंथरले, की वरच्या थरातले बरेचसे तणबी तापून मरते. शेणखत पुरते कुजलेले हवे, नाहीतर तणाचे बी गाडीभर शेतात येते. पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि वखराची पाळी घालून मोडावे, हा जुना उपाय आजही स्वस्त आणि खात्रीचा. रुंद वाफ्यावरच्या ठिबकमुळे पाटाच्या पाण्याबरोबर येणारे बीही टळते.

यंत्रेही येत आहेत. सिएटलच्या कार्बन रोबोटिक्सचे यंत्र कॅमेऱ्याने तण ओळखून लेसरने त्याचा कोंब जाळते. अमेरिकेतल्या मोठ्या भाजीशेतांत ते चालते. एकर-दोन एकरांच्या तुकड्यांना ते परवडणारे नाही. इथे आधी हवे ते 15 सेंमीच्या ओळीत चालणारे, उभ्याने वापरायचे हलके अवजार. बायांच्या गुडघ्यांचा विचार संशोधनाच्या यादीत वर यायला हवा. लव्हाळ्याची गाठ मात्र लेसरखालीही जमिनीत सुरक्षित राहते, त्यामुळे यंत्र आले तरी उन्हाळी नांगरट सुटणार नाही.