न उघडलेले शीड : इन्सॅट-१ए ची कथा

१/ १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तो देशभर पोहोचवणारा इन्सॅट-१ए उपग्रह पुढे महिनाभरही टिकला नाही. सात वर्षांसाठी बांधलेल्या या उपग्रहाचा पाच महिन्यांत अंत झाला. त्यामागचे एक मोठे कारण होते न उघडलेले शीड.

२/ सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर वारा नसतो. सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाब मात्र असतो. ढगांची छायाचित्रे घेणारे उपकरण अतिथंड ठेवण्यासाठी उपग्रहाची एक बाजू मोकळी राखावी लागे. त्यामुळे सौरपंख एकाच बाजूला बसवला होता. परिणामी प्रकाशाचा रेटा तराजूच्या एकाच पारड्यात पडत असे.

३/ तोल साधण्यासाठी दुसऱ्या बाजूला लांब, हलक्या दांड्याच्या टोकाशी शीड योजले होते. अग्निबाणात मावावे म्हणून ते घडी घालून नेले जाई आणि अंतराळात उलगडावे लागे.

४/ लवचीक भागांचा धडा १९५८ मध्येच मिळाला होता. अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ लांबट अक्षाभोवती गिरक्या घेत कक्षेत गेला आणि थोड्याच वेळात आडवा होऊन कोलांट्या खाऊ लागला. त्याच्या चार लवचीक अँटेनांच्या कंपनांत गिरकीची ऊर्जा झिजली होती. रोनाल्ड ब्रेसवेल आणि ओवेन गॅरियट यांनी या वर्तनाची उकल केली. उपग्रहाला अभंग, कठीण ठोकळा मानणे धोक्याचे, हे त्यातून उमगले.

५/ १० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए निघाला. आधी एक अँटेना अडकला. तो प्रयासाने उघडला. शीड उघडलेच नाही. ढळणारा तोल छोट्या इंजिनांनी सावरावा लागला आणि सप्टेंबरमध्ये इंधन सरले.

६/ १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला. त्याचा सौरपंखही काही दिवस उघडेना. अखेर नियंत्रकांना यश आले. सिल्लोडसारख्या कोरडवाहू तालुक्यातही मग दूरदर्शनच्या बातम्यांत मान्सूनच्या ढगांचे चित्र दिसू लागले.

७/ शिडाची कल्पना मात्र टाकून दिली गेली नाही. १० जुलै १९९२ रोजी झेपावलेल्या, भारतात बांधलेल्या इन्सॅट-२ए वरही तसाच दांडा आणि तसेच शीड होते. तो उपग्रह अनेक वर्षे कार्यरत राहिला.