पेशीची गोष्ट: सीताफळापासून गर्भपिशवीपर्यंत



अर्धापूरकडच्या बायांना 'टिश्यू कल्चर' हा शब्द नवा नाही. केळी लावायची म्हटलं की घरात पहिला वाद तोच, कंद लावायचे की टिश्यू कल्चरची रोपं आणायची. केळीच्या कोंबातला लहानसा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवतात आणि त्यातून शेकडो रोपं होतात, सगळी एका वाणाची, एका चणीची. हा शब्द शेतातून आपल्या अंगापर्यंत कसा येतो, ते आज सांगायचं आहे. आमच्या गटांच्या बैठकीत हिशेब संपला, वह्या मिटल्या की हळू आवाजात जे बोलणं सुरू होतं, ते बहुतेक वेळा गर्भपिशवीचं असतं. त्या बोलण्याचं मूळ पेशीत आहे.

पेशी म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना कोर्ट आठवतं. निजामाच्या राज्यातली उर्दू आपल्या बोलीत राहिली, म्हणून "आज पेशी हाय" म्हणजे आज कोर्टात तारीख आहे. शाळेच्या पुस्तकातली पेशी वेगळी. तिचं इंग्रजी नाव 'सेल', म्हणजे लहान खोली. हे नाव १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने दिलं. त्याने बाटलीच्या बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. कप्पे रिकामे होते, कारण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. जिवंत पेशी बघितली ती थोड्याच वर्षांनी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने. हा माणूस कापडाचा दुकानदार. कापडाचं सूत तपासायला भिंग लागायचं, त्यातून भिंग घासायचा नाद लागला. पुढे तळ्याच्या पाण्यातले वळवळते जीव, रक्तातल्या तांबड्या पेशी, सगळं त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिलं आणि लिहून लंडनला कळवलं. मोठं शिक्षण नव्हतं, विद्वानांची लॅटिन येत नव्हती. आम्हाला हा कापडवाला फार आवडतो.

त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षं गेली. १८३८-३९ साली जर्मनीतल्या श्लायडेन आणि श्वान या दोघांनी सांगितलं की झाड असो की जनावर, सगळ्यांचं अंग पेशींचंच बनलेलं आहे. १८५५ च्या सुमारास फिर्खोने त्यात भर घातली: पेशी हवेतून येत नाही, पेशीतूनच पेशी होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पेशीच्या आत काय असतं? आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेरची भिंत म्हणजे पेशीचं पटल. ती नुसती भिंत नाही, तिला दिंडी दरवाजे आहेत. साखर आत घ्यायची, घाण बाहेर टाकायची, कुणाला उंबऱ्यावरच थांबवायचं, हे ती ठरवते. मधे केंद्रक. माजघरातल्या पेटीत जमिनीचे कागद जपून ठेवतात, तशी तिथे आई-बापाकडून आलेली जनुकं असतात. त्या कागदांवर लिहिलेलं असतं कोणतं प्रथिन कधी करायचं. ते प्रथिन करणारे कण वेगळे, कागद वाचून भाकऱ्या थापाव्यात तसे एकामागून एक थापत राहतात. आणि चूल? तिला तंतुकणिका म्हणतात. आपण खाल्लेल्या भाकरीची ताकद तिथे तयार होते. एका पेशीत अशा शेकडो चुली असू शकतात. गंमत म्हणजे या तंतुकणिका बापाकडून येत नाहीत, आईकडूनच येतात. तुमच्या अंगातली चूल तुमच्या आईची, तिच्या आईची, आजीच्या आईची. वंश फक्त मुलगा चालवतो म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

अशा पेशी माणसाच्या अंगात तीस लाख कोटींच्या घरात असतात. त्यातल्या सर्वांत जास्त रक्तातल्या तांबड्या. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तिच्या जागी नवी येते. किनवट-माहूरच्या आदिवासी वाड्या-तांड्यांवर सिकलसेलची तपासणी होते ती याच पेशीची. जनुकाच्या कागदावर एका ठिकाणी चूक झाली की गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. हा आजार १९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी पहिल्यांदा लिहून ठेवला. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक वेळ आजारी लेकरू होण्याची शक्यता असते. म्हणून लग्नाआधी पत्रिका बघता तशी ही चिठ्ठीही बघा, एवढं सांगून पुढे जातो.

आता आपल्या मराठी बाईकडे येऊ. कमल समर्थ, जन्म पुणे, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीने दोन्ही केलं नाही. लग्न केलं गणिताच्या रणदिवे यांच्याशी आणि शिक्षण घेतलं पेशींचं. पुण्याच्या शेतकी कॉलेजात १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. केली, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. म्हणजे आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, रामफळ, त्यांच्या पेशीतले कागद या बाई मोजत बसल्या होत्या. मग मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाचा अभ्यास केला आणि १९४९ साली पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. शिकायचं होतं ते हेच टिश्यू कल्चर, पण केळीचं नाही. अंगातून काढलेली पेशी बाटलीत जिवंत ठेवायची कशी, ही विद्या.

त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक गोष्ट घडली. हेनरिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची काळी बाई, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या घरातली, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात आली. गर्भपिशवीच्या तोंडाला कर्करोग होता. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा घेतला आणि गाय यांच्याकडे पाठवला. आजवर बाटलीत घातलेल्या माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जायच्या. हिच्या मेल्या नाहीत. दिवसाला दुप्पट होत गेल्या. हेनरिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली, पण तिच्या पेशी आजही जगभर वाढताहेत. पोलिओच्या लसीची चाचणी त्यांच्यावर झाली. त्या लसीत या बाईचा वाटा आहे. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. त्या पेशींवर कंपन्यांनी पैसा मिळवला, आणि २०२३ मध्ये कुठे एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली.

कमलताई परत आल्या आणि मुंबईत त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, अंगातले हार्मोन आणि विषाणू यांचा काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९७३ साली सोबतिणींना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, १९८२ साली पद्मभूषण मिळालं. आमच्या मते त्यांचं आणखी एक काम तितकंच मोठं. उतारवयात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात राजूर भागात आदिवासी लेकरांचं पोषण तपासायला गेल्या, गावातल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. २००१ साली त्या गेल्या.

फिर्खोचं वाक्य इथे लागतं. पेशीतूनच पेशी होते. विळा लागला, बोट कापलं, तर कडेच्या पेशी दुप्पट होत होत जखम भरतात आणि भरली की थांबतात. कर्करोगाची पेशी थांबत नाही. रानातल्या हराळीसारखी पसरते. पण चांगली पेशी एका रात्रीत हराळी होत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाच्या बाबतीत तर बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. मूळ कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, संबंधातून येणारा. बहुतेक बायांच्या अंगातून तो आपोआप जातो, काहींच्या राहतो, आणि तिथल्या पेशी हळूहळू बिघडवतो. जर्मनीच्या झुर हाउझेन यांनी हे दाखवून दिलं, त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हेनरिएटाच्या पेशीतही हाच विषाणू सापडला.

बिघडत चाललेली पेशी आधीच ओळखायची युक्ती ग्रीसहून अमेरिकेत गेलेल्या पापानिकोलाऊ डॉक्टरांनी काढली. त्यांची बायको सुरुवातीला दुकानात गुंड्या शिवून घर चालवायची. पुढे वीसहून जास्त वर्षं ती नवऱ्याच्या अभ्यासासाठी स्वतःचा नमुना देत राहिली. काचेवर पेशी पसरून बघायच्या त्या तपासणीला नाव मिळालं ते नवऱ्याचं, 'पॅप'.

आणि आता आपल्या दाराशी. लातूरच्या शेजारी बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. कार्यकर्ते गावोगाव फिरून विचारायचे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं का, संबंधानंतर दिसतं का. नुसत्या या विचारण्याने बाया लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. मग १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. गावांचे चार भाग केले: एकात विषाणूची तपासणी, एकात पॅप, एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची तपासणी, आणि एकात नेहमीचे उपचार, वेगळी तपासणी नाही. आठ वर्षांनी हिशेब केला. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या भागात या कर्करोगाने ३४ बाया गेल्या, तपासणी नसलेल्या भागात ६४. हा निकाल २००९ साली जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि देशोदेशींच्या डॉक्टरांनी वाचला. परांडा-भूमच्या शेतमजूर बायांमुळे जगाला हे कळलं.

चौथ्या भागातल्या बायांचं काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. त्यांची तपासणी झाली नाही म्हणून तर फरक कळला. देशात तेव्हा कुठेच सरसकट तपासणी नव्हती, असं करणारे म्हणतात. तरीही या अभ्यासावर टीका झाली आणि ती योग्यच होती असं आम्हाला वाटतं. व्हिनेगरच्या तपासणीने धाराशिवला ठळक फरक दिसला नव्हता. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायांच्या अभ्यासात तिच्यामुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तीच तपासणी आज सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायांसाठी आहे. पाच मिनिटांचं काम, दुखत नाही.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं ते एका कारणासाठी. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं, समिती नेमली गेली. ते काही बीडपुरतं नाही. मुखेड-कंधारकडून कोयता घेऊन जाणाऱ्या बाया आपल्याही गटांत आहेत. पस्तिशी न ओलांडलेल्या आमच्या एका सदस्याला एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका." अंगावरून पांढरं जात होतं, एवढंच. गटातून कर्ज उचललं, पिशवी काढली. आता कंबर धरते, उकडून निघते, झोप नाही. कागद बघितले तर पॅप नाही, विषाणूची तपासणी नाही, पेशीचा तुकडा कुणी घेतला नाही. कुणीही पेशी न बघता कॅन्सर होणार हे कळलं कसं?

पेशी थोड्या बिघडलेल्या दिसल्या तरी बऱ्याचदा तेवढाच भाग गोठवून किंवा काढून भागतं, पिशवी तशीच राहते. आणि मुलींसाठी तर लस आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली 'सर्व्हावॅक' २०२३ च्या जानेवारीत आली. पण लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

आमच्या गटांनी आता कर्जाच्या अर्जाला एक पान जोडलंय. गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं, तर दोघीजणी त्या बाईबरोबर आधी सरकारी दवाखान्यात जातात. जाताना चार प्रश्न लिहून नेतात: कोणती तपासणी केली? पेशी कुणी बघितल्या? रिपोर्टचा कागद कुठे आहे? पिशवी न काढता दुसरा उपाय कोणता? कर्ज अडवायचं नाही, असं बैठकीत ठरलंय. पण कागद बघितल्याशिवाय सही होत नाही.