वैर माणसाशी की व्यवस्थेशी?

माणूस माणसाला ठार करतो तो विचारासाठी की वैरापोटी? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोल्हापूरकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. या गावाने दोन्ही प्रकारची हिंसा पाहिली आहे. अपमानाला रक्ताविना उत्तर कसे द्यावे, हेही याच गावाने पाहिले आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. गांधीजींशी आपले व्यक्तिगत वैर नव्हते, असे त्याने न्यायालयात सांगितले. ते खरे मानले तर त्याचा अपराध हलका होत नाही, अधिक भयंकर होतो. ज्याच्याशी बांधाचे भांडण नाही, देण्याघेण्याचा तंटा नाही, अशा वृद्धावर गोळ्या झाडायच्या तर आधी त्याचे माणूसपण काढून घ्यावे लागते. त्याला राष्ट्राचा वा धर्माचा शत्रू ठरवावे लागते. हे काम विचारप्रणाली करते. खुनाला कर्तव्याचे वस्त्र तीच चढवते.

आणि कोल्हापुरात काय घडले? मारेकरी ब्राह्मण होता, एवढे कळणे जमावाला पुरे झाले. ब्राह्मणांची घरे-दुकाने पेटली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. जमावाच्या तोंडी गांधीजींचे नाव होते. पण जन्मभर अहिंसा सांगणाऱ्याच्या नावाने आग लावली जाते, तेव्हा ती आग त्याच्या विचाराची नसते. तिच्यात जमिनीचा आणि सावकारीचा राग होता, पिढ्यान्‌पिढ्या गिळलेला अपमान होता. तो राग खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. ब्राह्मणी वर्चस्वाचे चटके आमच्याइतके कोणी सोसले?

पण त्या आगीतून आम्हाला काय मिळाले? ब्राह्मण जमीनदार गावातून गेला. पुढे कूळकायद्याने जमीन कुळांच्या नावावर चढली. ही कुळे बहुतांशी आमची नव्हती. महारवाडा-मांगवाडा भूमिहीन होता तो बहुतेक तसाच राहिला. गावाचा मालक बदलला, गावकुसाची भिंत शाबूत राहिली. व्यक्तीवरचा द्वेष यापलीकडे जाऊ शकत नाही.

याच गावात, याच पंचगंगेच्या घाटावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरोहिताने शाहू छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाकारला. राजाला शूद्र म्हटले गेले. याहून मोठा व्यक्तिगत अपमान कोणता? हाती सत्ता होती, शिपाई होते. पण महाराजांनी कोणाचे घर पेटवले नाही. राजोपाध्यांचे वतन जप्त केले, वसतिगृहे उघडली आणि २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर मान्यता दिली. अपमान एका माणसाचा होता, उत्तर मात्र व्यवस्थेला दिले गेले.

हेच सूत्र बाबासाहेबांनी पुढे नेले. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा खटला त्यांनी स्वतः वकील म्हणून लढवला होता. पण १९२७ साली याच दोघांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देताना, त्यात एकाही ब्राह्मणाला घेऊ नये अशी अट घातली, तेव्हा बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. आपले वैर ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली, माणूस जळाला नाही. आणि त्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते.

म्हणून विचार की वैर, असा प्रश्न मांडणेच अपुरे आहे. राग सर्वांच्याच उरात असतो. त्या रागाला विचार कोणते बोट दाखवतो, यावर सारे ठरते. माणसाला त्याच्या जातीचे, धर्माचे वा मताचे केवळ चिन्ह समजणारा विचार द्वेष नसलेल्या हातातही शस्त्र देतो. माणूस आणि व्यवस्था यांत भेद करणारा विचार धुमसणाऱ्या रागालाही चळवळ बनवतो.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. गुन्हेगार कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणारा, आंतरजातीय लग्नांच्या पाठीशी उभा राहणारा एक्याऐंशी वर्षांचा माणूस मारला गेला, तेव्हा या गावाने काय केले? १९४८ सारखी एखाद्या जातीची घरे जाळली नाहीत. माणसे रस्त्यावर आली, न्याय मागत राहिली. आणि पुढे महिन्याच्या २० तारखेला सकाळी निर्भयपणे एकत्र फिरायला निघू लागली.

अत्याचाराची बातमी येते तेव्हा आपल्याही तरुणांच्या मुठी वळतात. त्या वळल्याच पाहिजेत. पण वळलेली मूठ कोणावर उगारायची, हे ठरवण्याआधी शाहूंचा घाट आणि बाबासाहेबांचे महाड आठवावे. ज्या दिवशी आपणही माणसाला केवळ त्याच्या जातीवरून शत्रू ठरवू, त्या दिवशी आपल्या ओठांवर बाबासाहेब असतील आणि डोक्यात मनू असेल.