जुन्नरच्या डोंगरातली ती रात्र

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान उपकरणांच्या भरवशावर खाली उतरू लागले आणि जुन्नर परिसरातल्या डोंगरमाथ्यावर आदळले. विमानातील ९४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मुंबईचा विमानतळ अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता.

उंची चुकली खरी, पण चुकीचे मूळ अंतराच्या अंदाजात होते. चौकशीचा निष्कर्ष असा, की वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा बरेच जवळ आलो आहोत असे वाटले. उपलब्ध दिशादर्शक सोयींचा वापर झाला नाही, किमान सुरक्षित उंचीची मर्यादा ओलांडली गेली आणि या वाटेवरचा प्रदेश त्याच्या ओळखीचा नव्हता.

हे शेवटचे कारण आपल्याला अस्वस्थ करते. समुद्रावर निर्धोक असलेली उंची घाटमाथ्यावर प्राणघातक ठरते. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. खालून सह्याद्री किती वर आला आहे, हे तो सांगत नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेत प्रवासी विमानांना सक्तीची झाली ती सत्तरच्या दशकात. जुन्नरच्या त्या ९४ जणांसाठी फार उशिरा.