अब्राहाम राइस यांचा नातू

सिनेमातला नट म्हटले की आपल्या बेने इस्राएल घरांत पहिले नाव निघते ते डेव्हिड अब्राहाम चेऊलकरांचे. 1954 सालच्या 'बूट पॉलिश' मधला त्यांचा जॉनचाचा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल! माणूस चेऊलकर, म्हणजे त्याच्या वाडवडिलांचे गाव चेऊल, हे सांगावे लागत नाही. कोण कोठला, कोणाचा, कोणाच्या घरची सून, याचा हिशेब आपल्याकडे आडनावापासूनच सुरू होतो. त्यामुळे आपल्या आईच्या माहेरच्यांचे काय झाले हे लहानपणी ठाऊकच नव्हते, असे एखादा म्हणू लागला तर आपल्याला ते चटकन पटत नाही. हॉलंडचे ज्येष्ठ नट येरून क्राबे यांची हकीकत अशीच आहे, म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

क्राबे यांचा जन्म 5 डिसेंबर 1944 रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. डच लोक त्या हिवाळ्याला 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. देशाचा दक्षिण भाग मुक्त झाला होता, पण अ‍ॅमस्टरडॅम जर्मनांच्याच ताब्यात होते. रेल्वेच्या लोकांनी संप केला म्हणून जर्मनांनी धान्याची वाहतूक अडविली. मोठ्या माणसाचे दिवसाचे रेशन हजार कॅलरींच्या खाली गेले व पुढे त्याच्याही निम्म्यावर आले. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे 20,000 माणसे मेली. बाळंतिणींची सेवा केलेल्या आम्हां परिचारिकांना हे आकडे वाचताना त्या वेळची आई डोळ्यांपुढे येते. बाळाला दूध कोठून आले असेल? त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या मुलांचा डच डॉक्टरांनी पुढे अनेक वर्षे अभ्यास केला, आणि आईच्या उपासमारीचा परिणाम मुलाच्या साठीपर्यंत पोचतो, मधुमेहाच्या रूपाने उगवतो, हे जगाला त्यावरून कळले.

घराणे चित्रकारांचे. आजोबा हेन्ड्रिक मार्टेन क्राबे चित्रकार, वडील मार्टेन चित्रकार, पुढे येरून यांचा मुलगा यास्परही चित्रकार. भाऊ टिम क्राबे नावाजलेले लेखक. आई मार्ग्रेट परदेशी चित्रपटांचे संवाद डच भाषेत आणण्याचे काम करी. तिचे माहेरचे आडनाव राइस. ती यहुदी होती, आणि तिचे लग्न यहुदी नसलेल्या पुरुषाशी झालेले होते. अशा मिश्र विवाहातील यहुदींना जर्मनांनी बहुतांशी गाडीत घातले नाही. ती वाचली ती त्यामुळे. तिचे वडील अब्राहाम राइस वाचले नाहीत.

1940 साली हॉलंडमध्ये सुमारे 1,40,000 यहुदी होते. त्यांतील 1,02,000 हून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कोणत्याही देशात नाही. ईशान्येकडच्या माळरानावर वेस्टरबोर्क म्हणून छावणी होती. ती मूळ डच सरकारनेच 1939 साली, जर्मनीतून पळून आलेल्या यहुदींच्या सोयीसाठी बांधली होती! तेथून आठवड्याला गाडी सुटे, बहुधा मंगळवारी. 2 मार्च ते 20 जुलै 1943 या काळात 19 गाड्या पोलंडमधील सोबिबोर येथे गेल्या. त्यांत 34,313 माणसे होती. जिवंत परतली ती 18. अब्राहाम राइस यांचा अंत त्याच सोबिबोरमध्ये झाला. आमचे आईवडील त्या उन्हाळ्यात मुंबईला रेशनच्या रांगेत उभे राहिले, शुक्रवारी दिवे लावून शांतपणे शब्बाथला बसले, आणि यातले काहीही त्यांच्या कानावर नव्हते.

येरूनच्या घरीही हा विषय निघत नसे. आई यहुदी आहे, तिची माणसे अशी गेली, हे त्यांना कळले ते फार उशिरा. असे मौन आम्ही इस्राएलमधल्या वॉर्डांत जवळून पाहिले आहे. युरोपातून आलेली म्हातारी माणसे औषध, जेवण, हवा सगळ्यांविषयी बोलत. भावंडे किती, असे विचारले की भिंतीकडे तोंड करीत. आम्हांला आधी वाटे, हा युरोपियन लोकांचा ताठा. ताठा नव्हता तो. मुलांना त्रास नको म्हणून ही माणसे आपल्याजवळच सगळे दाबून ठेवीत.

नट म्हणून क्राबे यांची कीर्ती झाली ती 1977 च्या 'सोल्जर ऑफ ऑरेंज' या चित्रपटाने. दिग्दर्शक पॉल व्हेरहूवन. लायडनच्या विद्यार्थ्यांची युद्धकाळातील गोष्ट. त्यात त्यांच्या बरोबरीने होते रुटगर हाउअर. 1983 च्या 'द फोर्थ मॅन' नंतर क्राबे यांना परदेशांतून बोलावणी येऊ लागली. 1987 साली ते जेम्स बाँडच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' मध्ये दगाबाज रशियन जनरल झाले. 1993 च्या 'द फ्युजिटिव्ह' मध्ये गोड बोलून मित्राचा गळा कापणारे डॉक्टर. (डॉक्टर इतके गोड बोलू लागले की परिचारिकेने सावध व्हावे, हा आमचा अनुभव आहेच.) उंच, देखणा, सभ्य दिसणारा आणि आतून खोटा, अशाच भूमिका हॉलिवुडने त्यांना जास्त दिल्या. आमच्या मते यात त्यांचे खरे चीज झाले नाही.

1987 सालीच सोबिबोरवर चित्रपट निघाला, 'एस्केप फ्रॉम सोबिबोर'. 14 ऑक्टोबर 1943 रोजी कैद्यांनी तेथे उठाव केला, त्याची ही कथा. उठावाचे पुढारी पेचर्स्की यांची भूमिका केली रुटगर हाउअर यांनी, आणि त्यांना गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले. ज्याचे आजोबा तेथे मेले तो त्या वर्षी बाँडच्या पटात होता. कामे अशीच वाटली जातात. नशीब म्हणावे की धंदा, कोण जाणे.

पण आईच्या बाजूची वाट क्राबे यांनी तोवर धरली होती. 1985 साली 'अ‍ॅन फ्रँकची डायरी' हे नाटक त्यांनी डच टेलिव्हिजनसाठी बसविले व स्वतः अ‍ॅनच्या वडिलांची, ओटो फ्रँक यांची, भूमिका केली. आणि 1998 साली त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला, 'लेफ्ट लगेज'. तो मिळेल तेथे जरूर पाहावा. कथा शेजारच्या बेल्जियममधील अँटवर्प शहरातली, 1972 सालची. खाया ही कॉलेजातली मुलगी एका कट्टर हसिदी घरी मुले सांभाळायला लागते. त्यातला धाकटा सिम्खा बोलतच नाही. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो तळ्यावरची बदके पाहून. इकडे खायाचा बाप हातात जुना नकाशा घेऊन शहरभर खणत फिरतो, कारण युद्धाच्या वेळी दोन पेट्या पुरून ठेवल्या होत्या त्या त्याला सापडत नाहीत. आणि तिच्या आईला छावणीचे नावही काढलेले चालत नाही. एक खणतो, दुसरी तोंड मिटून बसते. मधे वाढते ती मुलगी. सिम्खाच्या कडक बापाचे काम क्राबे यांनी स्वतः केले आहे. तो बाप असा का झाला हे कळते तेव्हा राग उरत नाही. शेवट आम्हांला जरा जास्तच रडवणारा वाटला, हेही सांगतो.

या चित्रपटात म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या भूमिकेत आपले टोपोल आहेत. 1964 च्या 'सल्लाह शब्बाती' मध्ये त्यांनी माआबारातला नवा ओले असा रंगविला की आपल्या वडीलधाऱ्यांना आपलाच पहिला पत्र्याचा निवारा आठवला. 2023 साली टोपोल वारले.

साठी उलटल्यावर क्राबे यांनी आजोबांसाठी कॅमेरा नव्हे, कुंचला हाती घेतला. नऊ मोठी चित्रे: 'अब्राहाम राइस यांचा अंत'. ती 2010 साली झ्वोल येथील फुंडाटी संग्रहालयाने मांडली. सुखाच्या दिवसांपासून सोबिबोरपर्यंत एका माणसाचे आयुष्य. चौतीस हजारांतला एक. पुढे ते व्हॅन गॉग, पिकासो, शागाल अशा चित्रकारांवर टेलिव्हिजनमालिका करून डच घरांत नव्याने लोकप्रिय झाले. परंतु आम्हांला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कामांत या नऊ चित्रांचे मोल मोठे आहे.

अ‍ॅमस्टरडॅमला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. वेस्परस्ट्राट या रस्त्यावर 19 सप्टेंबर 2021 रोजी नावांचे स्मारक खुले झाले. आराखडा डॅनियल लिबेस्किंड यांचा. विटांच्या भिंती, एका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचे वय, एक लाख दोन हजारांवर विटा. वरून पाहिल्यास त्या भिंतींची 'स्मरणार्थ' या अर्थाची हिब्रू अक्षरे होतात, ती आपल्या मुलांना वाचता येतील. नावे आडनावांच्या अनुक्रमाने लावली आहेत. राइस हे आडनाव आर अक्षराखाली शोधावे.